बैठकीपर्यंतचे अंतर : बुलढाणा जिल्हा, मद्यमुक्ती आणि स्वमदत गट

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करून घेतलेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय पाहणी सांगते, की देशात १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना दारूच्या त्रासासाठी कोणत्या ना कोणत्या मदतीची गरज आहे, आणि दारूवर पूर्णपणे विसंबून राहू लागलेल्या दर ३८ माणसांमागे केवळ एकाला काही उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तर १८० मागे एक इतके खाली येते. उरलेल्या सदतीस जणांपर्यंत पोचणे डॉक्टरांच्या आणि खाटांच्या आजच्या संख्येला शक्य नाही. ज्या थोड्या साधनांना ते शक्य आहे, त्यांपैकी सर्वांत स्वस्त आणि ग्रामीण महाराष्ट्रात अजून फार कमी वापरले गेलेले साधन म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांची नियमित बैठक. ही बैठक म्हणजे काय, तिचा उपयोग कितपत सिद्ध झाला आहे, आणि पश्चिम विदर्भातील बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ती शोधून तिच्यात टिकून राहणे माणसाला का अवघड जाते, या प्रश्नांचा आढावा येथे घेतला आहे.

आरंभीच दोन संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. दारू मिळाली नाही तर हात थरथरणे, झोप उडणे, घाम फुटणे अशी लक्षणे दिसू लागतात, पिण्याचे प्रमाण माणसाच्या ताब्यात राहत नाही, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही पिणे थांबत नाही, तेव्हा त्या अवस्थेला वैद्यकशास्त्र मद्यावलंबन म्हणते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील मराठी कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी ‘मद्यपाश’ हा शब्द रूढ केला आहे. स्वमदत गट म्हणजे अशा माणसांचा असा मेळ, ज्यात उपचार करणारा आणि उपचार घेणारा हा भेद नसतो, फी नसते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सावरताना स्वतःही सावरत असतो. सरकारी कागदपत्रांत महिला बचत गटांनाही स्वयंसहाय्यता गट म्हटले जात असल्यामुळे पंचायत समितीत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करणाऱ्याची गल्लत होण्याचा संभव असतो; म्हणून ‘दारू सोडलेल्या लोकांची बैठक’ असे सरळ शब्द वापरणे अधिक उपयोगाचे.

बुलढाणा जिल्ह्याची खरी विभागणी लोकांच्या बोलण्यात घाटाने होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या वरच्या अंगाचे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके ‘घाटावरचे’, तर पूर्णा नदीच्या खोऱ्याकडचे मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे ‘घाटाखालचे’. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा घाटाखालून निघून जातो, आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाणा शहरासह घाटावरच्या एकाही तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार होती आणि तीतील जवळपास ७९ टक्के लोक खेड्यांत राहत होते. लोणारहून बुलढाण्याला यायचे तर सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता एसटीने कापावा लागतो. शहरातील बैठका बहुधा संध्याकाळी, कामे आटोपल्यावर भरतात, आणि खेड्याकडे जाणारी शेवटची एसटी त्याच सुमारास सुटते. व्यसनमुक्तीच्या चर्चेत इच्छाशक्तीबद्दल फार बोलले जाते. या जिल्ह्यात मात्र इच्छा असलेला माणूसही पहिल्यांदा वेळापत्रकापाशी अडतो, आणि या बाजूचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे.

बैठकीची कल्पना आधुनिक रूपात अमेरिकेत आकाराला आली. १८४० मध्ये बाल्टिमोर शहरात काही मद्यपींनी एकमेकांसमोर आपली कहाणी सांगून दारू सोडण्याची एक चळवळ सुरू केली होती, ती वेगाने वाढली आणि राजकीय वादांत सापडून तितक्याच वेगाने विरली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९३५ मध्ये, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन हा शेअर बाजारातला व्यावसायिक आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही दारूने पुरते खचलेले, एकमेकांना भेटले, आणि एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलल्यास दोघांचीही त्या दिवसाची दारू टळते, हा अनुभव त्यांनी इतरांपर्यंत नेला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे सदस्यांच्या बोलण्यातील ‘ए.ए.’, उभी राहिली. तिचे मूळ पुस्तक १९३९ मध्ये आले. स्वतःतील बदलाचा क्रम सांगणाऱ्या ‘बारा पायऱ्या’ त्या पुस्तकात आल्या, आणि गट कसा चालवावा हे सांगणाऱ्या ‘बारा परंपरा’ १९५० मध्ये स्वीकारल्या गेल्या. या परंपरांमुळेच ही संघटना आधीच्या चळवळीच्या वाटेने गेली नाही, असे म्हणण्यास जागा आहे. कारण त्यांनुसार गट बाहेरची देणगी घेत नाही, राजकारणावर किंवा दारूबंदीवरही मत देत नाही, मालमत्ता साठवत नाही, आणि दारू थांबवण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट ठेवतो. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठीचे ‘अल-अनॉन’ हे वेगळे संघटन १९५१ मध्ये सुरू झाले, कारण घरातील एकाच्या दारूने सगळे घर आजारी पडते आणि त्या आजाराची दखल मद्यपीच्या बैठकीत पुरेशी घेतली जात नाही, हे तोवर बायकांच्या लक्षात आले होते.

भारतात ए.ए. ची सुरुवात १९५७ मध्ये मुंबईत झाली, आणि बराच काळ ती इंग्रजी बोलणाऱ्या शहरी वस्त्यांपुरती राहिली. १९८१ मध्ये फादर ज्यो परेरा यांनी मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ सुरू करून बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. परंतु मराठी मध्यमवर्गाच्या आणि पुढे खेड्यांच्याही मनात या विषयाला जागा मिळवून दिली ती पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने. ‘गर्द’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्राउन शुगरच्या आहारी गेलेल्या तरुणांवर अनिल अवचट यांनी केलेले लेखन वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ देऊ केले, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातील इमारतीत केंद्र सुरू केले. अनिता अवचट १९९७ मध्ये आणि अनिल अवचट २०२२ मध्ये निवर्तले, तरी केंद्राने त्यांच्या काळात घालून दिलेल्या दोन पद्धती टिकल्या आहेत आणि या आढाव्याच्या दृष्टीने त्याच महत्त्वाच्या आहेत : एक म्हणजे निवासी उपचारानंतरचा पाठपुरावा, म्हणजे बरा होऊन गेलेल्या माणसाने आपल्या भागात ठरलेल्या दिवशी एकत्र जमणे, आणि दुसरी म्हणजे ‘सहचरी’ हा पत्नींचा गट, ज्यात नवऱ्याची दारू सुटो वा न सुटो, बाईने स्वतःचे जगणे कसे सावरावे याचा विचार होतो.

प्रत्यक्ष बैठकीत काय घडते याबद्दल बाहेरच्या माणसाच्या मनात भलत्याच कल्पना असतात, आणि त्याच अनेकांसाठी पहिली अडचण ठरतात. एखाद्या शाळेच्या, चर्चच्या किंवा दवाखान्याच्या खोलीत वर्तुळाकार किंवा रांगेने खुर्च्या मांडलेल्या असतात, त्या दिवसाचा अध्यक्ष हा सदस्यांपैकीच एक असतो आणि तो बदलत राहतो, आरंभी ए.ए. चा हेतू वाचून दाखवला जातो. मग ज्याला बोलायचे असेल तो फक्त पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो आणि आपला अनुभव मांडतो. याला सदस्य ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी तोडत नाही, उपदेश करत नाही, उलटतपासणी घेत नाही, आणि ज्याला बोलायचे नसेल त्याने नुसते ऐकले तरी चालते. हजेरीपट नसतो. शेवटी एक टोपी किंवा पिशवी फिरते, तीत चहापाण्यासाठी आणि खोलीच्या भाड्यासाठी सदस्य जमेल तेवढे पैसे टाकतात; नवख्याकडून काही अपेक्षा नसते. केवळ मद्यपींसाठी असते ती ‘बंद बैठक’, आणि नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर अशा कोणालाही येता येते ती ‘खुली बैठक’. दारू न पिता काढलेले पहिले वर्ष पूर्ण झाले की ‘बर्थडे’ साजरा होतो. मध्येच कोणी पुन्हा प्याला तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात, आणि स्लिप होऊन परत आलेल्या माणसाला दार बंद होत नाही. नव्या सदस्याला वाट दाखवणारा जुना सदस्य म्हणजे ‘स्पॉन्सर’. तो रात्री-अपरात्रीही फोन उचलेल, अशी अपेक्षा असते. जन्मभराची शपथ येथे कोणी घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरवले जाते, आणि ज्या समाजात शपथा घेऊन मोडण्याची सवय दारूइतकीच जुनी आहे तेथे या मर्यादित निश्चयाचे मोल मोठे मानावे लागते.

बारा पायऱ्यांत ‘आपल्याला उमगलेल्या’ ईश्वराचा उल्लेख येतो, त्यामुळे हा धार्मिक पंथ आहे की काय अशी शंका घेतली जाते. बुलढाणा जिल्ह्यात या शंकेला वेगळे वळण मिळते, कारण दारू सोडण्याची धार्मिक साधने येथे आधीपासून रुजलेली आहेत. वारकरी होऊन तुळशीची माळ घालणे, शेगावी गजानन महाराजांपुढे दारू सोडण्याचा संकल्प करणे, गाडगेबाबांच्या कीर्तनातून आलेली दारूविरोधी शिकवण, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, या सर्वांनी विदर्भातील असंख्य घरे सावरली आहेत. जिल्ह्यात मोठ्या संख्येने असलेल्या बौद्ध समाजात पंचशीलातील पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे, विहारात ते प्रत्येक वंदनेत म्हटले जाते, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मुस्लिम समाजात दारू निषिद्धच आहे. या परंपरांचे सामर्थ्य नियमितपणात आणि सोबतीत आहे, आणि नेमक्या याच दोन गोष्टींवर ए.ए. ची बैठकही उभी आहे. फरक पडतो तो माळ तुटल्यावर किंवा शील मोडल्यावर : धार्मिक समूहात परतताना माणसाला पापाची भावना अडवते, आणि जेथे दारू मुळातच निषिद्ध आहे तेथे तर ती लपवण्याचा ताण उपचारापर्यंत येऊच देत नाही, बैठकीत मात्र पुन्हा पिण्याची गोष्ट आजाराचा भाग म्हणून ऐकून घेतली जाते. ज्याला ईश्वर मान्य नाही त्याने गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानावे, अशी सूट ए.ए. त आहे. त्यामुळे माळ आणि बैठक यांत विरोध मानण्याचे कारण नाही. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदू शकतात.

बैठकीच्या परिणामाबद्दल संशोधकांत दीर्घकाळ मतभेद होते. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-समीक्षा संस्थेच्या २००६ मधील आढाव्याला ए.ए. च्या बाजूने निर्विवाद पुरावा आढळला नव्हता. पुढे अधिक काटेकोर अभ्यास झाले, आणि २०२० मध्ये केली, हम्फ्रीज आणि फेरी या संशोधकांनी २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासून केलेल्या आढाव्यात असे दिसले, की रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए. शी जोडून देणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तुलनेत सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत सरस ठरतात. एका वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त असलेल्यांचे प्रमाण पहिल्यांत सुमारे ४२ टक्के आणि दुसऱ्यांत सुमारे ३५ टक्के होते. हे अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले आहेत, म्हणून ते आकडे जसेच्या तसे मेहकर किंवा मलकापूरला लावता येणार नाहीत. शिवाय त्यांतील ‘जोडून देणे’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. १९८१ मध्ये सिसन आणि मॅलम्स या संशोधकांनी केलेला एक लहानसा प्रयोग या संदर्भात सांगण्यासारखा आहे : त्यांनी २० जणांची दोन भागांत विभागणी केली, एका भागाला बैठकीची वेळ आणि पत्ता देऊन जाण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या भागातील प्रत्येकाशी तेथेच ए.ए. च्या किंवा कुटुंबीयांच्या गटाच्या सदस्याचे फोनवर बोलणे करून देऊन सोबत नेण्याची व्यवस्था केली. दुसऱ्या भागातील सर्व जण बैठकीला गेले आणि पहिल्यातील एकही गेला नाही. वीस माणसांच्या प्रयोगावरून मोठे सिद्धांत मांडता येत नसले, तरी सल्ल्याचा कागद आणि सोबतीचा माणूस यांतील अंतर त्याने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल.

मराठी मुलखाच्या शेजारचा एक भारतीय पुरावाही उपलब्ध आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवतो, की मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी केलेल्या मोजक्या भेटींनंतर तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के होते, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते २६ टक्के होते. आशा सेविका, आरोग्यसेवक किंवा दारू सोडलेला एखादा शेतकरी हे काम शिकू शकतो, असा याचा अर्थ आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांची वानवा असलेल्या जिल्ह्याला याहून आश्वासक निष्कर्ष मिळणे कठीण.

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी बैठक शोधायची ठरवल्यास पहिले पाऊल बैठकीकडे न टाकता दवाखान्याकडे टाकणे काही प्रसंगी जिवासाठी आवश्यक असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, ताप आणि प्रचंड थरथर असलेली ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था येऊ शकते, जी उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. ज्याला पूर्वी असा त्रास झाला आहे, किंवा ज्याचे हात सकाळच्या पहिल्या घोटाशिवाय स्थिर होत नाहीत, त्याने ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. घरच्यांनी जेवणात गुपचूप औषध मिसळण्याचा मोह टाळावा. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि त्याला न सांगता ते देणे हा त्याच्या विश्वासाचाही घात असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक आजारही आपल्या कक्षेत घेतले आहेत, त्यामुळे ‘उचलून नेऊन’ कोंडून ठेवणारे, मारहाण करणारे किंवा नोंदणी दाखवू न शकणारे तथाकथित केंद्र कितीही खात्री देत असले तरी तेथे माणसाला सोपवू नये.

शरीर स्थिरावल्यावर बैठकीचा शोध सुरू होतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. ए.ए. चे देशाचे सेवा कार्यालय मुंबईत आहे. तेथे आपला तालुका सांगितल्यास जवळचा गट, त्याचा वार आणि वेळ विचारता येते, आणि शक्य असल्यास एखाद्या सदस्याने स्वतः फोन करावा अशी विनंतीही करता येते. सिसन आणि मॅलम्स यांच्या प्रयोगाकडे पाहता ही विनंती संकोच बाजूला ठेवून करावीच. मुक्तांगणसारख्या केंद्रातून उपचार घेऊन आलेल्याने आपल्या भागातील पाठपुराव्याच्या बैठकीचे ठिकाण घरी परतण्यापूर्वीच विचारून घ्यावे. २०२० च्या टाळेबंदीत भारतातील गटांनीही मोबाइलवरच्या बैठका सुरू केल्या, आणि संग्रामपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, पण नेटवर्क मिळणाऱ्या माणसासाठी ती खरी सोय झाली. तिला मर्यादा एवढीच, की एका खोलीच्या घरात मोठ्याने बोलण्यासाठी एकांत नसतो आणि पडद्यावरचा माणूस संध्याकाळी दुकानाच्या वाटेवर आडवा येऊ शकत नाही.

अंतराइतकीच दुसरी अडचण अनामिकतेची आहे. ए.ए. च्या नावातच असलेले हे तत्त्व, म्हणजे कोणी कोणाची ओळख बाहेर सांगणार नाही ही हमी, महानगराच्या गर्दीत सहज पाळता येते. परंतु ज्या गावात एसटीतून कोण उतरला हे पारावरच्या सगळ्यांना दिसते, तेथे दर मंगळवारी तालुक्याला जाणाऱ्या माणसाचे कारण लपून राहत नाही. यावर असे म्हणता येईल, की त्याचे पिणे गावाला आधीच ठाऊक असते, मग न पिणे ठाऊक झाले तर बिघडते काय. प्रत्यक्षात बिघडते, कारण गावाला त्याचे पिणे सवयीचे झालेले असते आणि सोडणे हा थट्टेचा विषय होतो. लग्नाच्या वरातीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘कर’ला, निवडणुकीच्या रात्री ‘एवढ्याने काय होते’ म्हणत ग्लास पुढे करणारे हात भावकीतलेच असतात. हंगामाचाही प्रश्न असतो. सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापूस वेचणीत कोणाला उसंत नसते, आणि हंगाम सरला की अनेक कुटुंबे पुणे, मुंबई, सुरतकडे कामाला निघून जातात. आठवड्याच्या बैठकीची सवय जेमतेम लागते तोच ती तुटते. नव्या सदस्याने नव्वद दिवसांत नव्वद बैठका कराव्यात, असा एक सल्ला अमेरिकेतील गटांत प्रचलित आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या आणि प्रत्येक बैठकीसाठी भाडे व अर्धा दिवस गमावणाऱ्या मजुराला तो लागू करणे अन्यायाचे होईल. आठवड्याला एक बैठक आणि मधल्या दिवशी स्पॉन्सरचा एक फोन, हे येथे गाठता येण्याजोगे माप आहे.

बायकांचा प्रश्न दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी दारू पीत असल्याचे सांगितले, तर स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आले. या अल्पसंख्येमुळेच पिणाऱ्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत बसणे जवळपास अशक्य होते आणि तिच्यासाठी मोबाइलवरची महिलांची बैठक हाच बऱ्याचदा एकमेव मार्ग उरतो. पिणाऱ्याच्या पत्नीची स्थिती आणखी निराळी आहे. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांत सरकारी मदतीसाठी नापिकी, कर्जबाजारीपणा असे निकष पाहिले जातात, आणि मृत्यूचे कारण व्यसन असल्याची नोंद झाली तर कुटुंब अपात्र ठरू शकते. त्यामुळे घरातली दारू शेजाऱ्यांपासूनच नव्हे तर तलाठ्यापासून आणि डॉक्टरपासूनही दडवण्याची सवय घराला लागण्याचा धोका असतो. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ पासून १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत राबवलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बुलढाणा होता, आणि आशा सेविकांनी घरोघरी जाऊन खचलेली माणसे शोधावीत अशी त्याची रचना होती. दारूचा प्रश्न विचारण्यासाठी याहून योग्य दारे नाहीत. मात्र त्या प्रश्नाच्या उत्तराने कुटुंबाचे नुकसान होणार नाही, हा भरवसा आधी द्यावा लागेल.

खेड्यांत बैठक नेण्याचे प्रयत्न देशात झाले आहेत. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेने १९८९ पासून तमिळनाडूतील मंजक्कुडी या खेड्यात शिबिरे घेतली, ज्यांत गावातच इमारत उपलब्ध करून घेऊन सुमारे पंधरा दिवस उपचार केले जात, कुटुंबीयांना सामील केले जाई आणि नंतर पाठपुराव्यासाठी पथक पुन्हापुन्हा गावात येई. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात, जेथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने झालेल्या आंदोलनानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे, तेथे ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला आणि त्याने गाव-संघटनांच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावपातळीवरची रुग्ण-शिबिरे चालवली. बुलढाण्यात जिल्हाव्यापी दारूबंदी नाही; गावातील महिलांनी मतदानाने परवानाधारक दुकान बंद करण्याची ‘आडवी बाटली’ची तरतूद मात्र राज्यभर लागू आहे. ती मोलाची आहे, परंतु दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याचे अंग थरथरू लागते त्या माणसाचे काय करायचे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही, आणि तो माणूस मग हातभट्टीची वाट धरतो. बाटली आडवी करणाऱ्या गावाने त्याच आठवड्यात दवाखान्याशी बोलणे आणि बैठकीची जागा ठरवणे, हे त्या मतदानाचेच उरलेले अर्धे काम मानले पाहिजे.

ते काम कोणाच्याही परवानगीवाचून सुरू होऊ शकते. ए.ए. च्या तिसऱ्या परंपरेच्या विस्तृत रूपानुसार दारूमुक्तीसाठी एकत्र आलेली कोणतीही दोन-तीन माणसे स्वतःला ए.ए. गट म्हणवू शकतात, मात्र गट म्हणून त्यांनी दुसऱ्या कशाशीही बांधिलकी ठेवता कामा नये. चिखली किंवा जळगाव जामोदमध्ये दारू सोडलेली दोन माणसे ग्रामीण रुग्णालयाच्या रिकाम्या खोलीत, समाजमंदिरात किंवा विहारात बसली तरी गट झाला. दिवस निवडताना शहरी संध्याकाळ सोडून द्यावी आणि आठवडी बाजाराची दुपार धरावी : त्या दिवशी आसपासची खेडी आपोआप तालुक्याला येतात, भाड्याचा वेगळा खर्च पडत नाही, परतीची गाडी मिळते, आणि पिशवी हातात घेतलेल्या माणसाला कोणी ‘कुठे चाललास’ असे विचारत नाही. त्याच दिवशी शेजारच्या खोलीत बायकांची बैठक घेता आली तर उत्तमच.

राहिला दवाखान्याचा वाटा, आणि तो जिल्हा आरोग्य यंत्रणेने या वर्षीच उचलण्यासारखा आहे. दारूच्या त्रासासाठी दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली सर्वांत जवळच्या बैठकीचे ठिकाण, वार, वेळ आणि परतीच्या एसटीची वेळ लिहिली जावी, आणि रुग्ण खाटेवर असतानाच त्याच्या संमतीने एखाद्या जुन्या सदस्याला बोलावून दोघांची भेट घडवून आणावी.